गटात न बसणारे पद

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात १०० गुणांची बुद्धिमत्ता चाचणी असते. तिच्यातला ठरलेला प्रश्न : गटात न बसणारे पद ओळखा. समजा, आपल्या नगर जिल्ह्याचा मान राखून पर्याय दिले : ऊस, कांदा, ज्वारी, डाळिंब. उत्तरसूची म्हणणार डाळिंब, कारण ते फळ. क्लासचे सरही तेच सांगणार, वर दम देणार, "विचार करत बसू नका, वेळ जातो." बुद्धिमत्तेच्या पेपरात विचार करू नका, हा सल्ला काही फुकट मिळत नाही. त्याची वर्षाची फी असते, दोन हप्त्यांत.

आता एखादं पोर म्हणालं कांदा, कारण एकटा तोच जमिनीत पोसतो, तर? दुसरं म्हणालं ज्वारी, कारण बाकीच्यांचं पाण्यावाचून अडतं, ही एकटी जिरायतात उभी राहते? तिसरं म्हणालं ऊस, कारण बाकी तिघांच्या जिवावर या जिल्ह्यात कुणी आमदार होत नाही? चारही उत्तरं बरोबर, मार्क मात्र एकाला. तिसऱ्या पोराला तर मी राज्यशास्त्राची पदवी आजच देऊन टाकीन.

पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय ते पोर या तिघांतलं नाही. ते हात वर करून विचारतं, "सर, हा गट केला कुणी?" आणि ही शंका फिटल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला हात लावत नाही. ७५ प्रश्नांना दीड तास. शंका फिटत नाही. पेपर संपतो.

हे पोर हुशार आहे आणि स्वमग्नही आहे, म्हणजे ऑटिझम असलेलं. दोन्ही पुरेपूर. अर्धं हे, अर्धं ते असा प्रकार नाही.

तुमच्याही गल्लीत असेल. नगरला माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक अशी तीन एसटी स्टँडं. कुठली गाडी कुठे लागते यावर इथे जन्म काढलेली माणसंसुद्धा भांडतात. या पोराला तिन्ही स्टँडांचं वेळापत्रक पाठ असतं, रद्द झालेल्या फेऱ्यांसकट. पाहुणे आले की आई त्याला बाहेर बोलावते आणि कौतुकाने परीक्षा सुरू होते. शेवगावची पहिली गाडी? जामखेडची शेवटची? फटाफट उत्तरं. मग एखादी आत्या लाडाने विचारते, "जेवला का रे सोन्या?" यावर बराच वेळ काही नाही. मग उत्तर येतं, "कधी?"

बरोबरच आहे. कधी? सकाळी, काल, आयुष्यात? प्रश्न आत्याचा ढिला, गोंधळल्याचा शिक्का मात्र पोरावर. "लेकरू लई हुशारे, पन जरा येडंय." नगरी माणूस निदानाला वेळ लावत नाही.

सरकार लावतं. केंद्र सरकारच्या संस्थेने २००९ साली खास भारतीय मुलांसाठी एक मापनपट्टी काढली. तिच्यावर ४० मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण, म्हणजे सगळ्यात कमी ४०, सगळ्यात जास्त २००. ७० झाले की ऑटिझम, पुढे गुणांप्रमाणे सौम्य, मध्यम, तीव्र. एकटं रमतं का, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतं का, आवाजाने बिथरतं का, असं विचारत विचारत यादी शेवटाला येते. आणि शेवटचे दोन मुद्दे काय आहेत? ३९ वा : असामान्य स्मरणशक्ती. ४० वा : एखाद्या गोष्टीत विलक्षण कौशल्य.

पुन्हा वाचा. असामान्य स्मरणशक्ती असली की दिव्यांगत्वाचे गुण वाढतात.

डॉक्टरांच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे. त्यांना स्मरणशक्तीचा राग नाही. एका गोष्टीत टोकाची गती आणि बाकी ठिकाणी अडखळणं, हा जो खालीवरपणा असतो तो त्यांना टिपायचा असतो, आणि ते शास्त्राला धरून आहे. पण आपल्या बाजूने बघा. तेच पोर, तेच पाठांतर. शिष्यवृत्तीच्या केंद्रावर त्याचे गुण मिळाले तर पेढे, सिव्हिल हॉस्पिटलच्या टेबलावर मिळाले तर टक्के. एका खिडकीवर गुणवत्ता, दुसऱ्या खिडकीवर लक्षण. मधल्या रिक्षाच्या प्रवासात पोराच्या डोक्यात काहीही बदललेलं नसतं.

त्यातून हुशार पोराची आणखी पंचाईत. ते बघून बघून शिकतं. लोक हसले की हसायचं, कुणी हात पुढे केला की हात मिळवायचा, "कसा आहेस" म्हटलं की बरा नसलं तरी "बरा आहे" म्हणायचं. पाठ केलेलं असतं, एसटीच्या वेळापत्रकासारखंच. त्यामुळे तपासणीच्या त्या अर्ध्या तासात ते इतकं नीट वागतं की गुण भरतात ६९. आईबापांना कळेना हसावं का रडावं. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी एका गुणाने हुकली होती, यंदा ऑटिझमही एका गुणाने हुकला.

आणि कागद तर पाहिजेच. कायदा चांगला आहे, त्याची कुचेष्टा करणार नाही. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले आणि ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली. ४० टक्के भरले की सवलती सुरू. बोर्डाच्या पेपरला तासामागे २० मिनिटं जादा, गरज असेल तर लेखनिक. पण कागद दाखवा, मगच. बिनकागदाचं पोर म्हणजे नुसतं हट्टी पोर.

दिव्यांग प्रमाणपत्र हा शब्द नगरच्या माणसाने जरा दबक्या आवाजात उच्चारावा असे दिवस आहेत. २०२४ च्या जुलैत एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर धुरळा उडाला, तेव्हा त्या कागदांवर गाव आपलंच होतं. प्रकरण कोर्टात गेलं, तिथलं तिथे. बदलीच्या मोसमात राज्यभर गुरुजींची ऐकायची शक्ती कशी अचानक कमी होते आणि बदलीत सवलत देणारा 'संवर्ग एक' मिळाला की कशी परत येते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. अशा खोट्यांचा परिणाम असा की खऱ्या पोराकडे टेबलामागचा माणूस संशयानेच बघतो. आणि त्यात ते पोर इंग्रजीत ग्रहांची नावं सांगायला लागलं की संपलंच. "याला काय झालंय? हा तर आपल्यापेक्षा हुशार दिसतोय!"

हुशार पोराला दाखल्यासाठी पायपीट करायला लावायची आपली परंपरा जुनी आहे. याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. ज्याला टेकून ती सांगितली असं मानतात, तो खांब अजून उभा आहे. परंपरा जे साल सांगते त्यावरून माउलींचं वय तेव्हा पंधराच्या आसपास. त्याआधीची पैठणची कथा शाळेत सगळ्यांनी ऐकलेली : संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली, तर शुद्धिपत्र आणा. शुद्धिपत्र देणाऱ्यांसमोर रेड्याने वेद म्हटले, असं कथा सांगते. वारकरी मित्रांनो, आवरा. माउलींना मी कसलंही निदान चिकटवत नाही. आइन्स्टाइन आणि न्यूटनला मेल्यावर ऑटिझम बहाल करणाऱ्यांची एक जमात जगात आहे, तिच्यात मला जायचं नाही. माझा मुद्दा दाखल्यापुरता. त्या कथेत रेडा बोलला तेव्हा कमिटी हलली. आजच्या कमिटीसमोर तो बोलला असता, तर ४० वा मुद्दा म्हणून पाच गुण पडले असते आणि पुढच्या मंगळवारी कानाच्या डॉक्टरांची सही घेऊन यायला सांगितलं असतं.

बरं, कागद मिळाला असं धरू. आता शाळा.

आमच्या पारनेर तालुक्याची गंमत बघा. राळेगण सिद्धी या अण्णा हजारेंच्या गावातली शाळा, जिथे नापास झालेल्या पोरांना आधी प्रवेश, असा उलटा नियम लावला गेला आणि तो महाराष्ट्रभर गाजला. त्याच तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला जवाहर नवोदय विद्यालय, जिथे सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागांसाठी सगळ्या जिल्ह्यातली पाचवीची हुशार पोरं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे बाप, झुंजतात. नापासांसाठी एक दार, अव्वलांसाठी एक दार, दोन्ही एकाच तालुक्यात. आता मराठीच्या निबंधात 'माझा आवडता मित्र' या विषयावर "मला मित्र नाही" एवढंच लिहून शून्य घेणारं आणि गणितात आठवीची पुस्तकं संपवलेलं पोर कोणत्या दारात उभं करायचं?

नवोदयची परीक्षा तर या पोरासाठीच काढली असावी असं वाटतं. १०० गुण, त्यातले ५० मानसिक क्षमतेचे. दहा प्रकारचे प्रश्न, प्रत्येकी चार. त्यातला एक प्रकार लपलेल्या आकृतीचा : मोठ्या गुंतागुंतीच्या चित्रात छोटी आकृती दडवलेली असते, ती शोधा. लंडनमध्ये १९८३ साली अमिता शाह आणि उटा फ्रिथ या दोन संशोधिकांनी स्वमग्न मुलांना नेमकी हीच चाचणी दिली. त्यांच्याच बौद्धिक वयाच्या बाकी मुलांना या मुलांनी मागे टाकलं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका ठळक निघाला नाही, तरी तुकड्यातुकड्याने नेमकं बघण्याची ही नजर पुन्हा पुन्हा दिसली. आपल्याला आधी झाड दिसतं, या पोरांना आधी पान दिसतं, आणि पानाला कीड लागलेली असली तर तीही दिसते.

म्हणजे परीक्षा पास. पुढे काय? वसतिगृह. पहाटेची घंटा, ओळीत उभं राहून आंघोळ, मेसमध्ये एकाच वेळी शेकडो स्टीलच्या ताटांचा खणखणाट. लपलेली आकृती शोधणाऱ्या पोराला आता लपायला जागा शोधायची असते. ते पंधरा दिवसांत घरी परत येतं आणि गाव म्हणतं, "हुशार होतं, पण टिकलं नाही." ताटं खाली ठेवताना आवाज कमी करता येतो का, हे कुणी तपासून बघितलेलं नसतं.

गावच्या शाळेत बरं चालतं म्हणावं, तर तिथले संवाद मला तोंडपाठ आहेत. साध्या शाळेत : "ताई, याचा वर्गात पहिला नंबर. याला कसलं आलंय अपंगत्व? नाटकं करतो. जरा धाक दाखवा." तिथून उठून विशेष शाळेत गेलं तर : "ताई, याला आम्ही काय शिकवणार? हाच आमच्या चुका काढतोय." क्लासमध्ये : "डाउट फार विचारतो, बॅच मागे पडते." तीन ठिकाणी तीन कारणं, आणि माघारी तिन्हीकडून.

माझं म्हणणं एवढंच आहे की या पोराची हुशारी त्याच्या मदतीच्या आड येते आणि त्याचा ऑटिझम त्याच्या प्रगतीच्या आड येतो. आणि या दोन्ही आडकाठ्या पोराच्या डोक्यात नसून आपल्या फायलींत आहेत. मार्क पडतात ना, मग जादा वेळ कशाला? प्रमाणपत्र आहे ना, मग वरच्या इयत्तेचं गणित कशाला? चष्मा लावणाऱ्या कलेक्टरला आपण असं कधी म्हणत नाही की साहेब, तुम्ही एवढे शिकलात, आता चष्मा काढा.

दिल्लीनेही फाइल वेगळीच ठेवली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रज्ञा असलेल्या मुलांचा विचार चौथ्या प्रकरणात आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचा सहाव्या प्रकरणात. आमचं पोर दोन्हींच्या मधे. मधे पाचवं प्रकरण आहे. त्याचं नाव, शिक्षक. धोरण लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असेल तर मी त्यांना दंडवत घालतो.

कारण शेवटी सगळं येऊन शिक्षकावरच ठेपतं, आणि शिक्षक ऑनलाइन माहिती भरतोय. विशेष मुलांसाठी फिरते शिक्षक असतात. फिरते म्हणजे खरोखरच फिरते. राज्यातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके, अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत. मोटारसायकलवरून शाळांमागून शाळा करायच्या. पोराला नवीन माणसाची सवय व्हायला महिना लागतो. तोवर गुरुजींचा फेरा पुढच्या केंद्रावर गेलेला असतो. त्यांना दोष देणार नाही. त्यांच्या मोटारसायकलला देतो, ती एकाच वेळी दोन गावांत राहू शकत नाही.

आता विचार करायला शिकवण्याबद्दल. ते सगळीकडे चालू आहे. 'थिंकिंग स्किल' अशी पाटी सावेडीत पाहिली, तिच्याखाली शिकवण्या अबॅकसच्या. बोटं हवेत नाचवून गुणाकार करणं म्हणजे विचार, अशी पालकांची खात्री झालेली आहे. हेच आमचं पोर विनाफी बोटं हवेत नाचवतं तेव्हा त्याला हात खाली घ्यायला सांगतात.

विचार मोजणारे कसे फसतात ते माँट्रियलच्या एका अभ्यासात छान दिसलं. २००७ साली मिशेल डॉसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो केला. ही बाई स्वतः स्वमग्न, आधी पोस्टात पत्रं वाटायची. त्यांनी ३८ स्वमग्न मुलांना बुद्धिमत्तेच्या दोन चाचण्या दिल्या. एक नेहमीची वेक्सलरची, जिच्यात बरंच तोंडी विचारतात, परीक्षक समोर बसून बोलतो. दुसरी रेव्हनची, नुसत्या आकृत्यांची : नक्षीतला एक तुकडा गायब असतो, तो कोणता ते शोधायचं. पोरं तीच. रेव्हनमध्ये ती सरासरी ३० पर्सेंटाइलने वर गेली. ३० पर्सेंटाइल म्हणजे किती, हे सीईटी दिलेल्या पोराच्या बापाला विचारा. तेवढ्यासाठी माणसं जमीन विकतात. समोरच्या साहेबांनी बोलणं बंद केलं की पोराची बुद्धी वाढते, हा शोध मला तरी फार आवडला. बऱ्याच मोठ्यांच्या बाबतीतही तो लागू पडेल.

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नाही असं नाही. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी काढली, ती हुशार मुलांचं शिक्षण वेगळं असलं पाहिजे हे धरूनच. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे अनेक पैलू मांडले होते. एका प्रश्नाची अनेक उत्तरं काढता येणं हा त्यातला एक. प्रबोधिनीने तो धागा धरून मराठी मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. ऊस, कांदा, ज्वारी, डाळिंब यांच्या चारही उत्तरांना तिथे कुणीतरी मान हलवली असती. नगरहून पुणे १२० किलोमीटर. एवढ्या अंतरावरून आपण प्रबोधिनीचं फारसं काही आणलं नाही, गाइडं मात्र एका रात्रीत आणली.

हे सगळं झालं हुशारीचं. पोर बरं आहे का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारायचा रिवाजही नाही. "किती पडले?" हीच आपल्याकडे प्रकृतीची चौकशी.

बरं नसायला कारणं भरपूर. नगरकराचा आवाजावर फार जीव. मिरवणूक गणपतीची असो, जयंतीची असो की नगरसेवकाच्या वाढदिवसाची, छातीत धडधडल्याशिवाय ती झालीच असं आपल्याला वाटत नाही. ज्या पोराला ट्यूबलाइटची गुणगुण सलते, त्याने त्या रात्री काय करावं? कानांत बोळे घालून पलंगाखाली बसलं तर "सणाच्या दिवशी काय हे!" कारखान्याच्या पट्ट्यात भोंगा तरी ठरल्या वेळी वाजतो. या पोरांना तो चालतो. ठरल्या वेळी होणारी कुठलीही गोष्ट चालते, म्हणूनच आपल्याकडे त्यांना फारसं काही चालत नसावं.

बदल सहन न होणं, हेही लक्षणांत मोडतं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. कागद बदलले, पाट्या बदलल्या. तोंडातून अजून 'नगर'च निघतं, नामांतराचे पेढे वाटणाऱ्यांच्याही. मीही या लेखात तेच केलंय. एक शब्द बदलायला आपल्याला इतका वेळ. पोराला मात्र "आज गणिताऐवजी कवायत" हे वर्गाच्या दारात सांगायचं आणि ते रडलं की हट्टी म्हणायचं. घरात नवं नाव दर वेळी न चुकता घेणारं एकच माणूस असेल तर ते हेच पोर. राजपत्रात आलं म्हटल्यावर त्याच्यासाठी विषय संपला.

मुलगी असेल तर आणखी कठीण, कारण तक्रारच होत नाही. मुलगा वर्गात ओरडला की निदान कुणाच्या तरी नजरेत येतो. मुलगी गप्प बसते, मैत्रिणींच्या लकबी उचलते, त्यांच्यासारखी हसते, त्यांच्यासारखी बांगड्या घालते, मनगटाला काचत असल्या तरी. घरी आली की दप्तर टाकून दोन तास भिंतीकडे तोंड करून पडते. बाहेर तिची कीर्ती : "पोरगी गुणी आहे हो, आवाज नाही." बायकांच्या आवाज नसण्याला ज्या समाजात स्थळं चालून येतात तिथे तपासणीला कोण नेणार? जगभर मुलींचं निदान उशिरा होतं किंवा होतच नाही. आपल्याकडे तर ते पंचवीस पाहुण्यांसमोर कांदेपोहे देतानाही चुकतं.

दिवसभर दुसऱ्याची नक्कल करून जगण्याची किंमत मोजावी लागते, आणि हुशार पोरं ती जास्त मोजतात, कारण त्यांना नक्कल जास्त चांगली जमते आणि आपण वेगळे आहोत हे कळतंही जास्त. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की स्वमग्न मुलांपैकी ज्यांचा बुद्ध्यांक १२० किंवा वर आहे, त्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार इतर स्वमग्न मुलांपेक्षा कितीतरी जास्त येतात. इथे विनोद करायची जागा नाही, म्हणून करत नाही. "तो हुशार आहे, त्याचं तो बघून घेईल" असं म्हणणाऱ्यांनी मागचं वाक्य पुन्हा वाचावं, आणि घरात असं पोर असेल तर आजच त्याच्याजवळ बसावं आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यावी. गावात काय म्हणतील ते गाव नंतर म्हणेल.

करता येण्यासारखं काय आहे, हे ऐकून अधिकारी निराश होतील. उद्याचं वेळापत्रक आज फळ्यावर लिहायचं. त्याची जागा खडखडणाऱ्या पंख्याखालून हलवायची. मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवायचं, तिथे पुस्तकं नसली तरी चालेल, शांतता असते. प्रश्न एका वेळी एक आणि नेमका विचारायचा. गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसू द्यायचं आणि खेळाच्या तासाला कुणी सक्तीने कबड्डीत ओढायचं नाही. रेल्वेवर, ग्रहांवर, एसटीवर ते बोलायला लागलं की दहा मिनिटं ऐकायचं. दोस्ती तिथूनच होते, आणि बहुतेक वेळा तसल्याच दुसऱ्या पोराशी होते. यातल्या एकाही गोष्टीला निविदा काढावी लागत नाही. खरी अडचण तीच असावी.

त्याऐवजी आपण दिन साजरा करतो. २ एप्रिल, जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. २००७ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवला. येत्या २ एप्रिलला काय होईल ते आजच सांगतो, पंचांग लागत नाही. १ तारखेला रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर परिपत्रक येईल. सकाळचे तास रद्द, रॅली काढावी, अहवाल दुपारी बारापर्यंत पाठवावा. पुढे ढोल, मागे लेझीम, मधे रिक्षावर कर्णा. "स्वमग्न मुलांना समजून घ्या!" ही घोषणा शेजारच्या गावात ऐकू जाईल इतक्या जोरात. रॅली ज्याच्यासाठी काढली ते पोर खेळाच्या सामानाच्या खोलीत कानांवर हात ठेवून बसलेलं सापडेल. त्याला बाहेर काढतील, कारण अहवालाला त्याचा फोटो जोडायचाय. सर म्हणतील, "बाळा, इकडं बघ. कॅमेऱ्यात बघ. हां, आता हस."

सरकारी मापनपट्टीवर पहिला मुद्दा आहे नजरेला नजर न देणं, दुसरा आहे न हसणं. सर एका फोटोत दोन्ही बरे करून दाखवतील, आणि साडेअकराला अपलोडसुद्धा होईल.